सवलतीतला किल्ट ऑनलाइन घेताना आणि विक्रेत्याची चूक निस्तरताना

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मित्राच्या लग्नाचे किंवा कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ २५ जानेवारीला होणाऱ्या बर्न्स नाइटचे आमंत्रण आले की किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश घागरा, भाड्याने आणावा की विकत घ्यावा, हा प्रश्न पडतोच. वर्षा-दोन वर्षांत असे तीन-चार प्रसंग येणार असतील, तर सवलतीत मिळणारा किल्ट विकत घेणे मला अधिक रास्त वाटते. मात्र किल्ट हा पँटसारखा अंदाजाने घेण्याचा कपडा नव्हे, आणि तो चुकीचा आला तर नेमके काय मागायचे हे त्याच्या शिवणीवर अवलंबून असते.

सर्वांत जास्त घोटाळा मापात होतो. आपली जीन्स कंबरेच्या हाडावर बसते, तर किल्ट बेंबीच्या पातळीवर बांधतात. त्यामुळे ३४ इंचांची जीन्स वापरणाऱ्याला किल्ट ३६ किंवा ३७ इंचांचा लागू शकतो. कापडी टेपने बेंबीपाशी कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद भाग आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी अशी तीन मापे घ्यावीत. लांबी मोजताना मान खाली घातली की माप बदलते, म्हणून ती दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावी. ही मापे ऑर्डरमध्ये लिहून द्यावीत आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

कापडाबद्दल विक्रेते जे आकडे देतात, ते आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. नऊवारी पाहिलेल्या माणसाला वार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, आणि पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागते. चार-पाच वारांचा किल्ट हलका आणि स्वस्त असतो, पण त्याच्या मागच्या चुण्या उथळ पडतात. लोकरीचे वजन दर वाराला औंसात सांगतात: १६ औंस म्हणजे जड, १३ मध्यम, १० ते ११ हलके. जड कापडाच्या चुण्या चालताना डौलाने हलतात आणि घडी धरून राहतात. ‘पॉलिव्हिस्कोस’ किंवा ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिले असेल तर ती लोकर नव्हे. कमी किमतीत असे कापड घेण्यात गैर काहीच नाही, फक्त लोकरीचा भाव त्याला देऊ नये. ‘मॉडर्न’, ‘एन्शंट’ आणि ‘वेदर्ड’ हे शब्द रंगछटांचे आहेत, कापडाच्या वयाचे नव्हेत. टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या कापडावरील रंगीत चौकड्यांच्या नक्षीच्या, नावाबद्दल शंका असेल तर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये ते विनामूल्य शोधता येते.

सवलत कशामुळे आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. रद्द झालेली ऑर्डर किंवा बंद होणारे टार्टन असेल तर उत्तमच. भाड्याने देऊन झालेले किल्टही पुष्कळदा चांगल्या जड लोकरीचे असतात, पण त्यांना कसर लागली आहे का आणि चामड्याचे पट्टे तडकले आहेत का, याचे जवळून काढलेले फोटो मागवावेत. खरेदीपूर्वी दाखवून दिलेल्या दोषाबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. बाकीच्या दोषांबाबत सवलतीच्या मालालाही ग्राहकाचे सगळे हक्क लागू असतात.

पार्सल आले की किल्ट टेबलावर पसरून दिवसाच्या उजेडात पाहावा. चुण्यांवर आडवा पांढरा कच्चा दोरा दिसला तर घाबरू नये. चुण्या विस्कटू नयेत म्हणून तो घातलेला असतो आणि वापरण्यापूर्वी उसवायचा असतो. किल्ट ठेवायचा हे नक्की होईपर्यंत मात्र त्या दोऱ्याला हात लावू नये. एखाद्या चुणीच्या आत कापडाला जोड दिसला तर तोही दोष नव्हे, कारण दुहेरी पन्ह्याचे चार वार कापड मधून फाडून, जोडून आठ वार करण्याची पद्धतच आहे.

चूक खरीच असेल, तर ती दुरुस्त होण्याजोगी आहे का हे आधी ठरवावे. कंबर इंचभर सैल किंवा घट्ट असेल तर पट्टे-बकले सरकवून काम भागते, आणि दुरुस्तीचा खर्च विक्रेत्याकडून घेणे दोघांच्याही सोयीचे असते. लांबीचे तसे नाही. मी सवलतीत मागवलेला लोकरीचा किल्ट २४ ऐवजी २२ इंचांचा निघाला, तेव्हा विक्रेत्याने किमतीचा चौथा हिस्सा परत देऊन प्रकरण मिटवू पाहिले. पण साडीला असतो तसा किल्टच्या खालच्या कडेला विणलेला काठच असतो, आत दुमडलेले कापड नसते; सोडवून लांब करण्यासारखे त्यात काही नसते. मी टेप लावलेला फोटो, ऑर्डरमधले माप आणि ‘बदलून द्यावा किंवा पूर्ण पैसे परत करावेत’ हे एक वाक्य, एवढेच पाठवले. किल्ट बदलून मिळाला.

ब्रिटनमधील विक्रेत्याकडून तयार मापाचा किल्ट ऑनलाइन घेतला असेल, तर माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते. खास आपल्या मापाने शिवलेल्या किल्टला ही सूट नाही, आणि काही विक्रेते तेवढ्यावरच बोट ठेवून हात वर करतात. ते मान्य करू नये. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, आणि तो खास शिवून घेतलेला असला तरी हा हक्क जात नाही. अशा वेळी परत पाठवण्याचा खर्चही विक्रेत्याचाच असतो. पार्सल सोपवताना पोस्टाची पावती घ्यायला विसरू नये.

किंमत १०० पौंडांहून अधिक असेल तर क्रेडिट कार्डानेच पैसे द्यावेत, कारण १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. थेट बँक खात्यात पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. संकेतस्थळावर स्कॉटलंडचे डोंगर दिसले म्हणून विक्रेता तिथलाच असतो असे नाही. पुष्कळ स्वस्त किल्ट पाकिस्तानातल्या सियालकोटमधून येतात, आणि परदेशातल्या विक्रेत्याकडून हे हक्क वसूल करणे फार अवघड जाते. म्हणून पैसे भरण्याआधी त्याचा पूर्ण पत्ता पाहावा.

लग्नाची तारीख जवळ असेल तर ऑर्डर देण्यापूर्वीच ती विक्रेत्याला लेखी कळवावी आणि त्या तारखेआधी किल्ट मिळणे अत्यावश्यक आहे असे स्पष्ट लिहावे. तसे लिहिलेले असले की उशीर झाल्यावर करार संपवून पैसे परत मागता येतात, आणि त्याच आठवड्यात भाड्याचा किल्ट आणायला आपण मोकळे होतो.