पॉइंट टू-टू पिस्तुलाने २०० मीटर: कुठवर नेम, कुठून नशीब

पॉइंट टू-टू पिस्तुलातून (०.२२ इंची छोट्या काडतुसाच्या) सुटलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. तेव्हा गोळी पोहोचते का, हा प्रश्नच नाही. दहा गोळ्यांपैकी किती एका परातीएवढ्या जागेत पोहोचतात, हा खरा प्रश्न. अंतर वाढलं की गोळी खाली पडते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि बहुतेक जण त्याचाच धसका घेतात. पण पडणं हा यातला सगळ्यांत सोपा भाग आहे. ते दर वेळी जवळपास तितकंच असतं. एकदा मोजून वहीत लिहिलं की झालं. घात करतात त्या दोन गोष्टी: एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत बदलणारा वेग, आणि वारा.

माणसाचा हात किती स्थिर राहू शकतो याचं माप नेमबाजी स्पर्धेतल्या ५० मीटर पिस्तूल प्रकारात मिळतं. तिथे दहा गुणांचं मधलं वर्तुळ ५० मिलीमीटरचं असतं. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने २०१४ साली ६० गोळ्यांत ६०० पैकी ५८३ गुण केले, तेही एका हाताने, उभं राहून, उघड्या साइटवर (भिंगाशिवाय, नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवून). तीच अचूकता २०० मीटरवर नेली तर ५० मिलीमीटरचे २० सेंटिमीटर होतात. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम हातांनाही तिथे पराती लागतील, बशा नाहीत. टेकू आणि स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घेतला की हाताचा दोष बराच कमी होतो. काडतुसाचा दोष मात्र तसाच राहतो.

आधी काडतूस, मग पिस्तूल

हाय-व्हेलॉसिटी (जास्त वेगाचं) काडतूस लांबवर चांगलं, असं वाटणं साहजिक आहे आणि चूकही आहे. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी साडेपाच इंची नळीतून सेकंदाला साधारण २९० मीटर वेगाने निघते. आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर, म्हणजे ती पहिल्यापासून त्याच्या खालीच असते. हाय-व्हेलॉसिटी गोळी पिस्तुलातून आवाजाच्या वेगाच्या अगदी जवळ निघते. तिथे हवेचा विरोध झपकन वाढलेला असतो, गोळी डळमळू शकते, आणि वारा तिला हळू गोळीपेक्षा जास्त ढकलतो. म्हणून स्टँडर्ड व्हेलॉसिटी किंवा मॅच ग्रेडच (स्पर्धेसाठी बनवलेलं) घ्या.

तीन-चार ब्रँडचे प्रत्येकी ५० नग आणा. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) प्रत्येकाच्या २० गोळ्या मोजा आणि सगळ्यांत वेगवान व सगळ्यांत हळू गोळीतला फरक लिहा. सरासरी वेग किती आला याला इथे फारसं महत्त्व नाही. तो फरक सेकंदाला ९ मीटर, म्हणजे तीन टक्के असेल, तर नेम एकच धरूनही उभा पसारा १०० मीटरवर ४ सेंटिमीटर, २०० मीटरवर १७ आणि ३०० मीटरवर ४० सेंटिमीटरच्या वर जातो. पडणं वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, त्यामुळे एक टक्क्याची चूक दोन टक्के होऊन समोर येते. ३०० मीटरवर नियम संपून नशीब सुरू होतं ते याच आकड्यामुळे.

ब्रँड बदललात की पहिल्या १०–२० गोळ्या मोजणीत धरू नका. गोळीवरचं मेण-वंगण वेगळं असतं आणि नळीला ते बसायला तेवढा वेळ लागतो. नळी साफ केल्यावरही तेच.

पिस्तूल लांब नळीचं असावं. थॉमसन सेंटर कंटेंडरसारखं एकगोळी पिस्तूल, १० किंवा १४ इंची नळी, हे या कामासाठी उत्तम. हलणारा भाग कमी आणि स्कोप बसवायला जागा भरपूर. रुगर मार्क फोर किंवा ब्राउनिंग बकमार्कची जाड नळीची टार्गेट मॉडेलंही चालतात. कोणतंही असो, ५० मीटरवर टेकू देऊन पाच गोळ्यांचा गट २५ ते ३० मिलीमीटरच्या आत येत नसेल तर पुढे जाऊ नका.

किती वर धरायचं

खालचे आकडे ४० ग्रेन, सेकंदाला २९० मीटर आणि ५० मीटरवर झिरो केलेल्या (म्हणजे तिथे नेम आणि फटका एकाच जागी येईल अशी साइट जुळवलेल्या) पिस्तुलाचे आहेत. मिल म्हणजे हजाराव्या भागाचं माप: १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर.

१०० मीटर: ३१ सेंमी खाली, ३.१ मिल
१५० मीटर: १ मीटर खाली, ६.६ मिल
२०० मीटर: २.१ मीटर खाली, १०.४ मिल
२५० मीटर: ३.६ मीटर खाली, १४.५ मिल
३०० मीटर: ५.६ मीटर खाली, १८.८ मिल

हे आकडे सुरुवातीला कागदावर येण्यापुरते. तुमच्या नळीचा वेग १० मीटरने वेगळा असला तर २०० मीटरवर वीसेक सेंटिमीटरचा फरक पडेल, म्हणून प्रत्येक अंतरावर गोळी टाकून आकडा दुरुस्त करा. अंतरही लेझर रेंजफाइंडरने मोजा. २०० मीटरवर गोळी आधीच खाली वळलेली असते. अंतर ५ मीटर चुकलं तर फटका ८ सेंटिमीटर चुकतो.

अमेरिकेत सराव करणाऱ्यांनी एक घोळ टाळावा: तिथल्या बऱ्याच रेंजवर पाट्या यार्डांत असतात. २०० यार्ड म्हणजे १८३ मीटर. मीटरचा आकडा लावून यार्डाच्या पाटीवर मारलं तर गोळी २५ सेंटिमीटर वरून जाते, आणि माणूस दिवसभर वाऱ्याला शिव्या देत बसतो.

साइट: माशी की स्कोप

उघड्या साइटने मारायचं तर मागची खाच वर-वर करून फार पुढे जाता येत नाही, तेवढा स्क्रूच नसतो. जुन्या रिव्हॉल्व्हरवाल्यांची युक्ती वापरा: माशी खाचेच्या वर उचला आणि टार्गेट माशीच्या टोकावर ठेवा. माशी ते खाच अंतर २० सेंटिमीटर असेल तर १०० मीटरसाठी माशी ०.६ मिलीमीटर वर, २०० मीटरसाठी २.१ मिलीमीटर वर, ३०० मीटरसाठी जवळपास ३.८ मिलीमीटर वर यायला हवी. दर वेळी तेवढीच उचलली जावी म्हणून माशीच्या मागच्या बाजूवर याच उंचींवर पांढऱ्या रंगाच्या बारीक आडव्या रेघा ओढा. रेघ खाचेच्या वरच्या कडेशी जुळली की उंची बरोबर. ०.१ मिलीमीटर चुकलं तर २०० मीटरवर १० सेंटिमीटर गेले. शिवाय ३ मिलीमीटर रुंद माशी हात सरळ धरल्यावर २०० मीटरवरची ८० सेंटिमीटर जागा झाकते. लहान टार्गेट तिच्या रुंदीत हरवतं आणि मधोमध नेमकं कुठे, हे डोळ्याला ठरवता येत नाही. म्हणून माशीने १०० मीटर हे चांगलं उद्दिष्ट. २०० मीटर हौस म्हणून.

स्कोप घ्यायचा तर पिस्तुलाचाच घ्या. रायफलच्या स्कोपला डोळा दहा सेंटिमीटरवर लागतो. पिस्तुलाच्या स्कोपमध्ये हात लांब करूनही पूर्ण चित्र दिसतं. ४ ते ८ पट पुरे. त्याहून जास्त मोठेपणा घेतला तर आपल्या हाताचं थरथरणं मोठं दिसतं आणि चाप घाईने ओढला जातो. खाली २० एमओएचा (हेही कोनाचं माप, १ मिल म्हणजे सुमारे ३.४ एमओए) उतार असलेली रेल, म्हणजे स्कोप बसवायची पट्टी, लावा. उंच टोक मागे, डोळ्याकडे. उलटी बसवली तर उरलेली उंचीही जाते, आणि ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते. स्कोपचा एकूण फिराव ६० एमओए असला तर अर्धा वर आणि रेलचे २०, असे ५० एमओए मिळतात. २०० मीटरला सुमारे ३६ लागतात, म्हणजे आरामात. ३०० मीटरला ६५ लागतात. उरलेलं रेटिकलच्या (स्कोपमधल्या नेमाच्या रेघांच्या) खालच्या खुणेवर धरावं लागेल.

टेकू

बाकावरून मारताना नळी कधीही टेकवू नका. नळी कशावर तरी टेकली की गोळी तिथून उडी मारून वेगळीकडे जाते. टेकवायची ती नळीमागची फ्रेम, वाळूच्या पिशवीवर. दुसरी छोटी पिशवी मुठीखाली, मनगटाला लागून. मुठीचा दाब शंभरातल्या प्रत्येक गोळीला सारखा हवा. गट उभा लांबट येत असेल आणि क्रोनोग्राफ निर्दोष असेल, तर दोष बहुधा मुठीत आहे.

बाक नसेल तर अमेरिकेतल्या धातूच्या सिल्हूट स्पर्धांमधली क्रीडमूर पद्धत आहे. त्या स्पर्धेत पॉइंट टू-टूसाठी कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा अशा आकृत्या २५, ५०, ७५ आणि १०० मीटरवर उभ्या असतात, आणि नुसतं लागून भागत नाही, आकृती ठोकळ्यावरून पडावी लागते. नेमबाज पाठीवर झोपतो, एक गुडघा उभा करतो, पिस्तुलाचा हात त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला टेकवतो आणि दुसरा हात डोक्यामागे घेऊन मान उचलून धरतो. नळीचं तोंड गुडघा आणि पावलाच्या पुढे गेल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्री आणि नळीमधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण निघतात. पोटरीवर जाड चामडं बांधा, जीन्सने भागत नाही.

वारा

पूर्ण आडव्या, सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात (झाडाची पानं सळसळतात एवढा) गोळी १०० मीटरवर ६ सेंटिमीटर, २०० वर २५ आणि ३०० वर ५८ सेंटिमीटर सरकते. सेकंदाला १ मीटर वाचण्यात चूक झाली तर २०० मीटरवर ८ सेंटिमीटर. म्हणून वाऱ्याशी भांडू नका, वाट पहा. ५०, १०० आणि १५० मीटरवर काठीला प्लॅस्टिकच्या फिती बांधा. तिन्ही फिती एकाच कोनात आल्या की मारा. त्या वेगवेगळ्या उडत असतील तर थांबा. सूर्योदयानंतरचा पहिला तास बहुधा सर्वांत शांत असतो.

प्लेट आणि आवाज

२०० मीटरवर या गोळीत जेमतेम ७० जूल ऊर्जा उरते. रायफलसाठी बनवलेल्या जाड, जड प्लेटवर ती लागली तर ना प्लेट हलते ना नीट ऐकू येतं, आणि लागलेली गोळी चुकली म्हणून धरली जाते. ६ मिलीमीटर कडक पोलादाची, ४०–५० सेंटिमीटरची प्लेट दोन साखळ्यांवर किंचित पुढे झुकवून टांगा आणि पांढरा स्प्रे मारा. चाप ओढल्यापासून २०० मीटरवरचा ‘टण्ण’ सुमारे १.४ सेकंदांनी येतो, ३०० मीटरवरचा २ सेकंदांनंतर. त्याआधी मान वर केली की पुढची गोळी बिघडते. मागे कोरड्या मातीचा उंच बांध हवा. धूळ उडालेली दिसली तरच दुरुस्ती करता येते, आणि सपाट कठीण जमिनीवर किंवा पाण्यावर लागलेली शिशाची गोळी घसरून पुढे जाते. गवतात पडलेली गोळी काहीच सांगत नाही.

कुठे

भारतात हे शेतात किंवा माळावर करून पाहायचं नाही. शस्त्र कायद्याखालचा परवाना आणि मान्यताप्राप्त रेंज, दोन्ही लागतात. पिस्तुलाच्या स्पर्धा १०, २५ आणि ५० मीटरवरच होतात. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवरही पिस्तूल ५० मीटरच्या पुढे जात नाही. तेवढ्यावरही काडतुसांची निवड, क्रोनोग्राफची वही आणि मुठीचा दाब, हे सगळं शिकता येतं.

किती जमलं ते मोजताना

अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेकने ९ मिलीमीटर रिव्हॉल्व्हरने १००० यार्डांवरचा फुगा फोडून दाखवला, तेव्हापासून एक फटका लागला की अंतर जिंकलं असं लोक समजतात. एका फटक्यावरून अंतर ठरवू नका. ठरवलेल्या अंतरावर, नेम न बदलता, २० गोळ्या मारा आणि प्रत्येकीसमोर वाऱ्याची दिशा व ती कुठे पडली हे लिहा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चुकलेल्या गोळ्या वर-खाली विखुरलेल्या असतील तर काडतूस बदला. डावी-उजवीकडे असतील तर वाऱ्याच्या खुणा पुन्हा पहा. सगळ्या एकाच बाजूला असतील तर उंचीचा आकडा किंवा झिरो चुकला आहे, आणि हा दोष बरा, तो स्कोपच्या चार क्लिकमध्ये जातो. स्कोप, टेकू आणि शांत हवा असताना २०० मीटरवर ५० सेंटिमीटरच्या प्लेटवर २० पैकी निम्म्याहून अधिक लागत असतील तर २५० मीटरची पाटी लावा. नसतील तर १५० वर या.