मनगट लुळे पडल्यास काय करावे

सकाळी उठून हात पुढे धरला आणि पंजा खाली लोंबू लागला, तर घरातल्यांना पहिली शंका अर्धांगवायूची येते, आणि ती आधी दूर करणे योग्यच आहे. चेहरा वाकडा झाला असेल, बोलणे अडखळत असेल किंवा त्याच बाजूच्या पायातली शक्ती गेली असेल, तर रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. यांपैकी काही नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

या तक्रारीचे नेहमीचे कारण म्हणजे रेडियल मज्जातंतूची इजा. हा मज्जातंतू दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून अगदी हाडालगत जातो. त्यामुळे खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोप लागली, विशेषतः मद्याच्या अमलाखाली, की तो चेपला जातो. दंडाचे हाड मोडल्यावरही तो दुखावू शकतो.

तपासताना कोपर टेबलावर टेकवून मनगट वर उचलण्यास सांगावे. ते उचलले जात नाही, बोटे मुळापाशी सरळ होत नाहीत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली हाताच्या पाठीकडील त्वचा बधिर लागते. बोटांची पुढची पेरे मात्र सरळ होतात, कारण त्यांचे स्नायू वेगळ्या मज्जातंतूवर चालतात. तेवढ्यावरून इजा किरकोळ समजू नये. मूठही कमजोर वाटते, पण दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून धरले की तीच पकड बरीच सुधारते.

याच कारणाने मनगट किंचित वर ठेवणारी कॉक-अप स्प्लिंट (आधाराची पट्टी) वापरतात. दिवसातून अनेकदा ती काढून, चांगल्या हाताने मनगट, बोटे आणि अंगठा सावकाश पूर्ण सरळ करावेत, नाहीतर सांधे आखडतात आणि मज्जातंतू बरा होऊनही हात चालत नाही. मालिशने मज्जातंतू लवकर बरा होत नाही, आणि बधिर त्वचेवर गरम शेक दिल्यास भाजल्याचे कळतही नाही.

नुसत्या दाबाने झालेली इजा बहुधा काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत भरून येते. आतले तंतू तुटले असतील, तर ते दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतात, म्हणून दंडापासून पुढे पोहोचायला महिने लागतात. मज्जातंतूची विद्युत तपासणी साधारण तीन आठवड्यांनंतर अधिक उपयोगी ठरते. पहिल्याच दिवशी तिचा आग्रह धरू नये.

मनगट ठीक असून करंगळी व अनामिका वाकडी होत असतील, तर इजा हाताच्या दुसऱ्या, अल्नर नावाच्या मज्जातंतूची असू शकते. सोबत अंगावर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी टाळू नये, कारण तो रोगही मज्जातंतूंना इजा करतो. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत मिळतात.

तीन-चार महिन्यांतही मनगटात हालचाल दिसली नाही, तर हाताच्या शल्यविशारदांचा सल्ला घ्यावा. मज्जातंतू जोडणे शक्य नसल्यास चालू स्नायूची दोरी (कंडरा) मनगट उचलणाऱ्या स्नायूला जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते, मात्र त्यासाठी सांधे तोवर मोकळे राहिलेले असावे लागतात.