जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची छाटणी आणि अदलाबदल

१९६४ ते १९९० या काळातले इंद्रजालचे अंक आधी भाषेनुसार वेगळे करा, मग क्रमांकाने लावा. दुबार अंक आपोआप समोर येतात. दोन्हींतला चांगला ठेवा, पण नुसतं मुखपृष्ठ पाहून ठरवू नका. पिना गंजल्या की मधलं जोडपान सुटून हरवतं, म्हणून प्रत्येक अंकाची पानं मोजाच. शब्दकोडं भरलेलं किंवा कूपन कापलेलं असेल, तर समोरच्याला आधीच सांगा.

बाइंडिंग केलेले गठ्ठे उसवू नका. कडा कापलेल्या असतात, सुटे करून भाव वाढत नाही, गठ्ठाच द्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच नको. डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, तो डाग जात नाही.

अदलाबदलीत अंकास अंक हा हिशेब फसवा आहे. साठच्या दशकातल्या एका धड अंकासाठी ऐंशीच्या दशकातले चार-पाच द्यावे लागले तरी द्या. आधी मुखपृष्ठ, मधलं पान आणि पिनांचे फोटो मागवा. पाठवताना अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा; गुंडाळी केली की कणा मोडतो.