पार्सलवर अचानक पैसे मागितले किंवा पार्सल भलत्याच गावी गेलं तर काय करायचं

हा प्रश्न मला घरातून, सोसायटीतून इतक्या वेळा आलाय की आता एकदाच नीट लिहून ठेवतेय, म्हणजे कुणी विचारलं की हेच पुढे पाठवता येईल.

सगळ्यात आधी तो मेसेज. "तुमचं पार्सल आमच्या गोदामात आलंय, पत्ता अपूर्ण असल्याने डिलिव्हरी झाली नाही, ४८ तासांत खालच्या लिंकवर पत्ता अपडेट करा." लिंक उघडली की पोस्टाचा लोगो, लाल-पिवळा रंग, सगळं अगदी खरं वाटतं, आणि शेवटी पंचवीस रुपये भरा म्हणतात. आमच्या शेजारच्या काकूंनी कार्डाचे सोळा आकडे भरलेसुद्धा होते, मागचा सीव्हीव्ही बघायला चष्मा शोधत होत्या तेवढ्यात मी गेले म्हणून वाचल्या. रक्कम छोटी ठेवतात ती मुद्दाम, पंचवीस रुपयांसाठी कोण विचार करतंय, पण त्यांना ते पंचवीस नकोच असतात, त्यांना कार्ड आणि ओटीपी हवा असतो. पोस्ट खातं असं लिंक पाठवून पत्ता दुरुस्तीचे पैसे घेत नाही, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही हा मेसेज खोटा आहे म्हणून सांगितलंय. तरी रोज लोक फसतायत कारण हल्ली प्रत्येक घरात कुठलं ना कुठलं पार्सल वाटेत असतंच, मेसेज आला की वाटतं आपलंच असेल.

खरं की खोटं कसं ओळखायचं? नंबर बघा. पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर तेरा अक्षरांचा असतो, आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, मग परत दोन अक्षरं. शेवटची दोन अक्षरं पार्सल कुठल्या देशातून निघालं ते सांगतात, आयएन म्हणजे भारत, यूएस म्हणजे अमेरिका, जीबी म्हणजे ब्रिटन. पहिलं अक्षर ई असेल तर स्पीड पोस्ट, सी असेल तर पार्सल. मेसेजमध्ये असा नंबर नसेल तर विषय संपला, डिलीट करा. नंबर असला तरी लिंकवर जायचं नाही, ब्राउझरमध्ये स्वतःच्या हाताने इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन टाइप करायचं आणि तिथे नंबर टाकून बघायचं. कुरिअरचं असेल तर ज्या अ‍ॅपवरून मागवलं त्याच अ‍ॅपमध्ये ऑर्डर उघडून बघा. आणि कुणी फोन करून "डिलिव्हरीसाठी स्टार चारशे एक स्टार आणि हा नंबर डायल करा" म्हणालं तर अजिबात करू नका, त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, मग ओटीपीचे कॉलही त्यालाच जातात.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा. जितक्या लवकर फोन तितकी पैसे वाटेतच अडवले जायची शक्यता जास्त.

आता खरे पैसे कधी द्यावे लागतात ते. पोस्टमन दारात उभा राहून पैसे मागतो तेव्हा दरवेळी फसवणूक नसते, आणि त्याच्याशी वाद घालण्यातही अर्थ नसतो कारण तो आकडा त्याने ठरवलेला नसतो. जुना प्रकार म्हणजे नॉटपेड. पाठवणाऱ्याने तिकीट कमी लावलं की घेणाऱ्याकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट घ्यायची हा पोस्टाचा जुना नियम आहे. साधं पत्र वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये, पण लग्नपत्रिका जाड असते, तीस-पस्तीस ग्रॅम भरली की दहाचं तिकीट लागतं, पाचचंच लावलं असेल तर पाच कमी पडले, म्हणजे तुमच्याकडून दहा. हे घ्यायलाच पाहिजे असं नाही, नको म्हणालात तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. तुम्हीच पत्रिका पाठवणार असाल तर एक पत्रिका काउंटरवर नेऊन वजन करून घ्या, दोनशे पाहुण्यांना दंड पडण्यापेक्षा ते बरं.

मोठी रक्कम असते ती कस्टम्सची. परदेशातून मुलगा, भाची काहीतरी पाठवते आणि इकडे आई-वडिलांच्या दारात एकदम दोन-तीन हजारांची मागणी येते, त्यांना वाटतं पोस्टमन लुबाडतोय. तर, पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तू ड्युटीशिवाय येत असत, डिसेंबर २०१९ पासून ते बंद झालं, आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढ्यालाच सूट आहे. त्यामुळे डब्यावर "गिफ्ट" लिहिलं म्हणून ड्युटी माफ होत नाही, हे तिकडच्या पोरांना नीट समजावून सांगा. पार्सल फॉरेन पोस्ट ऑफिसात येतं, आपल्याकडे मुंबईत बॅलार्ड इस्टेटजवळ आहे ते, तिथे कस्टम्सचे अधिकारी ड्युटी लावतात, पोस्ट फक्त ती वसूल करून देतं आणि स्वतःची थोडी फी घेतं. तिकडून पाठवताना सीएन २२ किंवा सीएन २३ नावाचा फॉर्म चिकटवतात, त्यात वस्तू आणि किंमत लिहायची असते, तो मोघम भरला तर इकडे पार्सल अडकतं आणि बिल मागणारं पत्र येतं. ते पत्र आलं की घाबरू नका, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्राची कॉपी त्यात सांगितल्याप्रमाणे पाठवून द्या. ड्युटी चुकीची वाटत असेल तर डिलिव्हरी घेण्याआधीच पोस्टात लेखी अर्ज देऊन पार्सल थांबवायला सांगा, एकदा पैसे भरून खोका फोडला की पुढे फार कठीण होतं. आणि पैसे दिले की पावती मागा, हे फार महत्त्वाचं, पावती नाही तर पैसे नाहीत. पोस्टमनच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआय करू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी, त्याच्याही भल्यासाठी सांगतेय.

न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी आलं, नावही तुमचं, पत्ताही तुमचा, तरी घेऊ नका. घरातल्या सगळ्यांना विचारून कुणीच मागवलं नसेल तर सरळ परत. आजी-आजोबा "नातवाने मागवलं असेल" म्हणून पाचशे रुपये देऊन मोकळे होतात आणि आत निघतो कसलासा कपडा. त्यांना एवढंच सांगून ठेवा, आम्ही फोन केल्याशिवाय दारात पैसे द्यायचे नाहीत.

आता चुकलेल्या पार्सलचं. मी मावशीला गुडघ्याचे पट्टे आणि दोन दिवाळी अंक पाठवले, मावशी कर्जतची, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. घाईत नेटवर "कर्जत पिन कोड" शोधलं, पहिला आला तो टाकला, ४१०२०१. तो रायगडातल्या कर्जतचा, मावशीचा ४१४४०२. पार्सल माथेरानच्या पायथ्याशी जाऊन आलं आणि मग मावशीकडे पोचलं, तिने फोटो पाठवला तर माझ्या अक्षरातला पिन निळ्या बॉलपेनने खोडून शेजारी कुणीतरी बरोबर पिन लिहिलेला, चार गोल शिक्के एकावर एक. तिकडच्या कुणीतरी जिल्ह्याचं नाव नीट वाचलं म्हणून ते पोचलं, मी जिल्हा लिहिला नसता तर परत माझ्याकडे आलं असतं. खेडचंही तसंच आहे, एक पुणे जिल्ह्यात, एक रत्नागिरीत. शिरूर तर पुण्यात, बीडमध्ये, लातूरमध्ये. वडगाव, पिंपळगाव किती आहेत ते विचारूच नका.

मशीन आधी पिन वाचतं, गाव नंतर. पहिला आकडा विभागाचा, आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून जिल्ह्यापर्यंत आणतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट सांगतात. ही सगळी योजना आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची बरं का, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी, १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला तो वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते आणि एकाच नावाची गावं यांचा घोळ मिटावा म्हणूनच. त्यामुळे गाव, तालुका, जिल्हा, पिन, मोबाइल नंबर सगळं लिहा आणि पिन पोस्टाच्याच साइटवर तपासून घ्या.

पार्सल भलतीकडे दिसलं तर ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट घ्या, आणि ज्या पोस्टात ते आत्ता पडलंय तिथे फोन लावा, तुमच्या गावच्या नाही. नंबर, बरोबर पत्ता, पिन सांगा आणि तिथूनच पुढे वळवायला सांगा. उशीर करू नका, पोस्टात वस्तू साधारण आठवडाभर ठेवतात, मग पाठवणाऱ्याकडे परत. "डोअर लॉक्ड" शेरा दिसला तर ओळखपत्र घेऊन सकाळी सकाळी पोस्टात जा, पोस्टमन बीटवर निघायच्या आत. दुसऱ्याला पाठवायचं असेल तर सहीचं ऑथॉरिटी लेटर आणि दोघांची ओळखपत्रं द्या.

"डिलिव्हर्ड" दाखवतंय आणि हातात काही नाही, तर आधी वॉचमन, शेजारी, खालचं दुकान विचारा. मग कुणाच्या सहीने दिलं त्याचा पुरावा मागा, कुरिअरकडे डिलिव्हरीचा फोटो असतो, त्यातला दरवाजा तुमचा नाही हे दिसलं की तुमची बाजू पक्की.

आणि दुसऱ्याचं पार्सल तुमच्याकडे आलं तर फोडू नका. वर "चुकीचा पत्ता" लिहून पोस्टमनकडे द्या, कुरिअरचं असेल तर लेबलवरच्या हेल्पलाइनला कळवा. ओटीपी विचारणारा अनोळखी फोन आला तर काही सांगू नका.

दाद मिळत नसेल तर १८०० २६६ ६८६८ हा पोस्टाचा टोल फ्री नंबर, किंवा साइटवर तक्रार टाकून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्यानेही नाही झालं तर विभागाच्या अधीक्षकांना लेखी, आणि दर काही महिन्यांनी डाक अदालत, म्हणजे पोस्टाच्या तक्रारी ऐकून घेणारी पोस्टाचीच बैठक, भरते तिथे अर्ज देता येतो, आधीचा तक्रार क्रमांक त्यात लागतो. ऑनलाइन दुकानं आणि कुरिअरसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. प्रत्येक ठिकाणी बुकिंगची पावती मागतातच, आणि ती पावती थर्मल कागदाची असते, पाकिटात ठेवली की दोन महिन्यांत कोरी होते, म्हणून काउंटरवरून हलायच्या आधी तिचा फोटो काढा.