प्लगला करंट नाही: बांधलेल्या एटीव्हीवर घालवलेले चार दिवस

आयटीआय उरकून नुकतेच गॅरेजला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. मोटरसायकलवर हात बसलाय असं वाटायला लागलं, की एखाद दिवशी मालक तुमच्यापुढं एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावरची जाड टायरांची उघडी गाडी, आणून उभी करतो आणि म्हणतो, "चारच चाकं आहेत, इंजिन मोटरसायकलचंच." इंजिनाचं त्याचं म्हणणं खरं असतं. रडवते ती वायरिंग.

माझी पहिली एटीव्ही बेळगावजवळ जांबोटीकडच्या एका रिसॉर्टची होती. चिनी बनावटीची, ११० सीसी. दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून होती. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला तिची अवस्था सांगायला नको. पिस्टन जाम, कार्बोरेटरमध्ये हिरवा थर, फ्रेमला गंज. बोअर केला, नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, फ्रेम बेळगावच्या उद्यमबागेत पावडर कोटिंगला दिली. परत आली तेव्हा शोरूममधून आणल्यासारखी चकाकत होती. सगळं जोडलं, ब्रेक दाबून सेल्फ मारला. इंजिन झक्क फिरलं, पेटलं मात्र नाही. प्लग काढून बघितला तर पेट्रोलनं ओला, आणि ठिणगीचा पत्ता नाही. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि रिसॉर्टचा मॅनेजर रोज फोन करून तेच विचारायचा, "करंट इन्नू इल्ला री?" म्हणजे करंट अजून नाही का हो?

त्या दिवशी मी नवा गडी जे करतो तेच केलं. 'सीडीआय गेला', म्हणजे ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा गेला, असं ठरवून टाकलं आणि बाजारातून तशाच पिनांचा, तशाच आकाराचा दुसरा आणला. तरी करंट नाही. मग प्लगला जास्त व्होल्ट देणारी एचटी कॉइल बदलली, मग प्लगची टोपी. तीन दिवस गेले आणि मालकाच्या खिशातले पैसे गेले, ते वेगळेच.

पुढचं कळायला करंट कसा तयार होतो हे डोक्यात पक्कं पाहिजे. या गाड्यांत बहुतेक एसी सीडीआय असतो. मॅग्नेट (इंजिनबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) फिरला की त्याच्या आतल्या कॉइल प्लेटवरच्या चार्जिंगच्या एका खास कॉइलमध्ये वीज तयार होते आणि ती सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये साठते. मॅग्नेटच्या बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. तो पिकअपसमोरून (उंचवटा ओळखणाऱ्या छोट्या कॉइलसमोरून) गेला की पिकअप इशारा देतो, कपॅसिटर एका झटक्यात एचटी कॉइलच्या प्रायमरीत (कमी वेढ्यांच्या तारेत) रिकामा होतो आणि सेकंडरीतून (जास्त वेढ्यांच्या तारेतून) हजारो व्होल्ट प्लगकडं धावतात. बॅटरीचा यात संबंध नाही. सेल्फ फिरवण्यापुरतीच ती लागते. डीसी सीडीआयला मात्र बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात. दोन्ही डबे दिसायला सारखे असू शकतात, सॉकेटसुद्धा एकमेकांत बसतं, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मी आणलेला डबा डीसी निघाला, म्हणून जुनाच परत लावला. ओळखायची साधी खूण म्हणजे कॉइल प्लेट उघडून बघणं. सगळ्या पोलांवर उघडी तांब्याची तार असताना एखादा पोल टेपनं गुंडाळलेला दिसला, तर ती एसीची चार्जिंग कॉइल.

वायरींच्या रंगांनीही मला फसवलं. काळी म्हणजे अर्थ, हे आपल्या हातात मुरलेलं असतं. या गाड्यांत होंडाच्या पद्धतीचे रंग असतात. हिरवी अर्थ, आणि काळी ही चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट येणारी. काळी-लाल चार्जिंग कॉइलची, निळी-पांढरी पिकअपची, काळी-पिवळी सीडीआयकडून एचटी कॉइलला जाणारी, काळी-पांढरी इंजिन बंद करायची. माझी वही अजून त्या पानावर तेलकट आहे. रंग उडालेले असतील किंवा आधी कुणी कापून जोडलेल्या वायरी असतील तर रंगावर विश्वास ठेवू नका. तिथं मीटरच (मल्टिमीटर) खरा.

काळी-पांढरी वायर अर्थला लागली की करंट बंद होतो. चावी, हँडलवरचा लाल स्विच, मागं दोरी ओढून बंद करायचा स्विच, काही गाड्यांत रिमोट, हे सगळे त्या एकाच वायरीवर असतात. म्हणून आता माझं पहिलं काम ठरलेलं असतं. ती वायर सीडीआयच्या सॉकेटातून काढायची आणि सेल्फ मारून बघायचं. ठिणगी आली तर दोष स्विचांत किंवा हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात), इंजिनाला हात लावायची गरज नाही. निपाणीकडच्या एका शेतघराच्या गाडीत एवढंच निघालं होतं, दोरीचा स्विच आतून गंजून कायमचा अर्थला चिकटला होता. मात्र एक लक्षात ठेवा. वायर काढलेली असताना गाडी चालू झाली तर ती चावीनं बंद होणार नाही. हवेचं तोंड बंद करायला फडकं हाताशी ठेवा आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा.

प्लग तपासतानाही पोरं चुका करतात. प्लग टोपीत घालून त्याचा आट्यांचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. टोपी नुसती हवेत धरून सेल्फ मारू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आत कुठंतरी फुटतो, मग चांगली कॉइलही मरते. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडत असतो, तेव्हा ठिणगी त्या भोकापासून लांब ठेवा. हातानं धरायची हौस असेल तर एकदाच धरा, परत धरणार नाही. ठिणगी निळसर, जाड, टक् असा आवाज करणारी हवी. बारीक नारिंगी रेघ मोकळ्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती विझते. बॅटरी मेलेली असेल तर एसी सीडीआय पुरेसा चार्ज होत नाही, कारण मॅग्नेटच हळू फिरतो. आधी बॅटरी भरा, मग बाकीची डोकेफोड.

आता मीटर. ओहमवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा, मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो. त्या गाडीत पिकअप १३० च्या आसपास आला, चार्जिंग कॉइल ३८० च्या जवळ, दोन्ही ठीक. एचटी कॉइलची प्रायमरी एक ओहमच्या आत, सेकंडरी काही हजारांत, टोपीत ५ हजारांचा रेझिस्टर. सेल्फ मारताना चार्जिंग कॉइलवर एसी व्होल्टही दिसत होते. टेबलावर सगळं पास आणि गाडीवर सगळं नापास. चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, तेव्हा मी मोबाईलच्या उजेडात नुसता गाडीकडं बघत बसलो होतो.

आमचे मिस्त्री चहा घेऊन आले. "काय बघूलास?" म्हणाले. मी सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी ते ऐकले की नाही कुणास ठाऊक. खिशातून वीतभर वायर काढली, एक टोक एचटी कॉइलच्या बोल्टला लावलं, दुसरं इंजिनच्या हेडला दाबलं. "मार सेल्फ." मारला. टक्, टक्, टक्. अंधारात ठिणगी अशी निळी दिसली, की मला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

झालं होतं असं. या गाडीच्या एचटी कॉइलला वायर जोडायची एकच पट्टी असते. दुसरं टोक म्हणजे तिचं लोखंडी अंग, ते बोल्टातून फ्रेमला आणि फ्रेममधून इंजिनला अर्थ होतं. आमची फ्रेम पावडर कोटिंग होऊन आली होती, आणि पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचं आवरणच. कॉइलच्या बोल्टाखाली रंग, इंजिनच्या माउंटिंगखाली रंग. बॅटरीची जाड निगेटिव्ह थेट इंजिनला होती, म्हणून सेल्फ मात्र झक्क फिरायचा आणि माझी समजूत पक्की व्हायची, की अर्थ चांगला आहे. मीटर लावताना मी टोक कॉइलच्या अंगालाच टेकवत होतो, फ्रेमला एकदाही नाही. मीटर बझरवर ठेवून कॉइलचं अंग आणि इंजिन यांच्यात एकदा बघितलं असतं, तर पहिल्याच दिवशी सकाळी दहाला काम संपलं असतं.

तेव्हापासून इंजिन काढून बांधलेली गाडी करंट देत नसेल, तर मी पार्ट विकत घ्यायच्या आधी आमच्या हातून काय काय उघडलं गेलं ते वहीत उतरवतो. पॉलिश पेपरनं कॉइलचं बूड आणि फ्रेमवरची तेवढीच जागा घासायची, दातेरी वॉशर घालायचा, आणि वर कॉइलपासून इंजिनपर्यंत एक जादा हिरवी वायर ओढायची. कॉइल प्लेट उघडली असेल तर पिकअपचं अंतर बघायचं. बसवताना तो सरकतो किंवा वायर मॅग्नेटखाली चिरडते. मॅग्नेट दुसऱ्या इंजिनचा बसवला असेल तर उंचवट्याची लांबीच वेगळी निघू शकते. आणि ठिणगी आहे तरी गाडी सायलेन्सरमधून फटाके फोडत असेल, तर मॅग्नेटची अर्धचंद्राकृती चावी (मॅग्नेट शाफ्टवर जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) काढून बघा. ती चिरली की करंट येतो, पण चुकीच्या वेळी. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा, हातोडीनं ठोकलेला मॅग्नेट मी दोनदा फुटलेला बघितलाय.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या पगारातून एक बरा मीटर घ्या, पान्यांचा नवा सेट नंतर. आणि बेळगावात काम करायचं तर पार्टच्या काउंटरवर मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात, पण नुसतं "एटीव्हीचा सीडीआय द्या" असं कुठल्याच भाषेत म्हणू नका. एसी की डीसी, पिना किती, सॉकेट एक की दोन, हे सांगा, नाहीतर जुना डबाच सोबत घेऊन जा.

फ्रेम रंगाला पाठवताना मी आता स्वतः बसून चार जागांवर मास्किंग टेप लावतो. कॉइल, रेग्युलेटर, इंजिनचं मागचं माउंटिंग, हार्नेसच्या अर्थचा बोल्ट. परत आल्यावर टेप काढायची, बोल्ट आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. नाहीतर तेवढी उघडी जागा जांबोटीच्या पावसात एका महिन्यात गंजते, आणि मग तीच गाडी तशीच मुकी होऊन परत येते.