नदीच्या माशाचा मातकट वास घालवायचा असेल तर

आपल्याकडं समुद्र नाही, त्यामुळं सुरमई-पापलेट येतं ते बर्फातलं आणि महाग, पण जायकवाडीचा रोहू, कटला ताजा मिळतो तरी बरेच लोक वास येतो म्हणून घ्यायचं टाळायलेत. हा वास जातो. मासा कापून आणला की पोटातलं काळं पातळ साल बोटानं घासून काढा आणि मणक्याला चिकटलेलं रक्त पण, बाजारात ते नीट काढून देत नाहीत आणि अर्धा वास तिथंच असतो. मग तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा घट्ट कोळ लावून १५-२० मिनिटं ठेवा, मातकट वास आंबटानंच कमी होतो, नुसत्या मसाल्यानं तो झाकतो फक्त. जास्त वेळ नका ठेवू, मांस भुसभुशीत होतं. नंतर धुवा आणि फडक्यानं एकदम कोरडे करा, हे लई महत्त्वाचं, ओला तुकडा तव्याला चिकटणारच.

आता आलं-लसूण, तिखट, थोडा काळा मसाला आणि चवीपुरतं मीठ चोळून वरून ज्वारीच्या पिठात चमचाभर रवा मिसळून घोळवा. तांदळाचं पीठ चालतं, पण मला ज्वारीचाच खमंगपणा आवडतो. तेल चांगलं तापल्यावर आच मध्यम करून तुकडे सोडा आणि ४-५ मिनिटं हलवू नका, खालून कडक झाला की तुकडा आपोआप सुटतो, तेव्हाच पलटा. झाकण अजिबात ठेवायचं नाही, वाफेनं कुरकुरीतपणा जातो. काटे बारीक असतात म्हणून लेकरांना शेपटीकडचा तुकडा देऊ नका, पोटाकडचा द्या.