डोळा दुखतोय? थेंब टाकण्याआधी या चुका टाळा

डोळा दुखायला लागला की आपला हात आधी घरातल्या जुन्या बाटलीकडे जातो, नाहीतर आपण मेडिकल गाठतो. "डोळा लाल झालाय, काहीतरी द्या." थेंब मिळतातही. सगळ्यात मोठं नुकसान इथूनच सुरू होतं.

अशा बऱ्याच थेंबांत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल, तर ते स्टेरॉइडच. त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण बुबुळावर जखम असेल तर आतली बुरशी त्याच औषधावर फोफावते. आपल्याकडे ही जखम बहुतेक वेळा शेतातली असते: उसाचं पातं लागलं, मळणीत तूस उडालं, ज्वारीचं कुसळ गेलं. पहिल्या दिवशी नुसतं टोचतं, पाणी येतं. काही दिवसांनी बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो. मग नाटामायसिनसारखं बुरशीवरचं औषध आठवडेच्या आठवडे घालावं लागतं, आणि जखम भरली तरी फूल राहू शकतं. त्यामुळे शेतात डोळ्याला काही लागलं आणि रात्र उलटूनही टोचणं थांबलं नाही, तर सकाळी कामावर नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

मध, गुलाबपाणी, एरंडेल, आईचं दूध यांतलं काहीही दुखऱ्या डोळ्यात घालू नका. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण यातलं काहीच निर्जंतुक नसतं.

चुन्याची गोष्ट वेगळी, तिथे एक मिनिटही दवडायचं नाही. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडतो आणि घरचे पदराने पुसत बसतात किंवा तसंच उचलून दवाखान्याकडे पळतात. आधी नळाखाली डोळा उघडा धरून सलग किमान 15 ते 30 मिनिटं धुवा. वरची पापणी उचलून धुवा, कारण चुन्याचे कण तिथेच अडकून बुबुळ जाळत राहतात. लिंबू-व्हिनेगर अजिबात नको. धुऊन झालं की लगेच दवाखाना.

चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाचं एका बाजूचं डोकं आणि डोळा अचानक ठणकू लागला, उलट्या झाल्या, की घरात निदान ठरलेलं: पित्त किंवा अर्धशिशी. पण डोळा लाल असेल, धूसर दिसत असेल, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील, तर हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 मिमी (पारा) असतो, झटक्यात तो अनेकदा 40 च्या वर जातो. काही तासांत उपचार झाले नाहीत तर नजर कायमची जाऊ शकते. पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

वेल्डिंगची चकाकी लागली की त्रास सहा-बारा तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. बधिर करणारे थेंब घरी वापरू नका, जखम भरायची थांबते. रांजणवाडी मात्र गरम शेकाने बहुतेक वेळा बसते, फक्त ती पिळू नका.

डोळे आले की खुपतं, चिकटतं, पाणी येतं. पण उजेड सहन होत नाही, नजर धूसर झालीय, दुखण्याने झोप लागत नाही, असं असेल तर "साथ आहे, जाईल" म्हणून घरी थांबू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर नुसतं दुखलं तरी लेन्स काढून त्याच दिवशी दाखवावं. जाताना लेन्स, तिची डबी आणि आतापर्यंत टाकलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत घ्या. संसर्ग कुठून आला हे कधी कधी त्या डबीतल्या पाण्याच्या तपासणीतच कळतं.